लाखात एक

केराबाईंचे निळे हात बघायला तीन दिवसांत वॉर्डात वैद्यकीय विद्यार्थ्यांची ही पाचवी तुकडी आली होती. "नीट बघा, लाखात एक केस आहे," मोठे सर म्हणाले. केराबाई आल्या होत्या पोटदुखीसाठी, पण पोटाला अजून कुणी हात लावला नव्हता.

रक्त घ्यायला आलेल्या सिस्टरने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा निळा झाला आणि हात सावळा. "सर, यांच्या नव्या शालीचा रंग लागलाय," ती म्हणाली.



"मग आता पोट बघता का?" केराबाईंनी विचारलं.

सरांनी बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. "सिस्टर, उद्या डॉक्टरांच्या परिषदेचे पाहुणे हे हात बघायला येतायत. तोवर आजींना थंडी वाजता कामा नये. शाल अंगावरच असू द्या."