रंकाळ्याला एक फेरी

इंजिन सुरू झाले तेव्हा इंदुमती आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. लग्नानंतर माणिकरावांनी भंगारातून आणलेली ती मस्टँग कोल्हापुरातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून कधी बाहेर पडली नव्हती. शेवटचा भाग चकाकेपर्यंत पहिला पुन्हा गंजत असे.

"चला! अजून थोडं दिसतंय मला, तोवर रंकाळ्याला एक फेरी मारून आणा."

माणिकराव कान देऊन ऐकत होते. "इंजिनातला टॅपेट खडखड वाजतोय."

"वाजू दे. माझे गुडघे नाही वाजत? तरी चालवताच की मला."

ते हसले, पण हात किल्लीकडे गेला. इंजिन थांबले. "आठ दिवस दे. अशा अर्धवट गाडीतून तुला कशी नेऊ?"

त्या उतरल्या नाहीत. काचेपलीकडच्या पुसट भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "बरं, मग इथूनच सांगा. तळं भरलंय का? पाण्यात राजवाडा तसाच दिसतो का अजून?"

हातात पाना धरून माणिकराव आठवू लागले. डोळे शाबूत असूनही रंकाळा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.