व इतर

"छायाचित्र. डावीकडून सभापती अप्पारावजी, उद्घाटक धर्मराजजी, देणगीदार कल्याणजी व इतर," मोबाईल बोलला. आणि दम न घेता पुन्हा सुरू झाला, "डावीकडून सभापती अप्पारावजी..."

"अगं, बंद कर ते!" वामनराव खेकसले. "दोन-दोनदा काय सांगतंय? मी आंधळा आहे, बहिरा नाही."

तृप्तीनं घाईनं मोबाईल बंद केला. ती परतूरच्या वाचनालयात ग्रंथपाल. वाचनालयाची अडतीस वर्षांपूर्वीची स्मरणिका वेबसाइटवर चढवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. दिसत नाही अशा माणसांना मोबाईल सगळं पान वाचून दाखवतो, पण फोटो आला की त्याची दातखीळ बसते. म्हणून प्रत्येक फोटोमागं त्याचं वर्णन लिहून ठेवायचं असतं. फोटो होते चौसष्ट. तृप्तीनं शक्कल लढवली, फोटोखाली छापलेली ओळ उचलली आणि वर्णनाच्या जागी चिकटवून दिली, म्हणून मोबाईल एकच ओळ दोनदा वाचत होता. आणि तपासायला आली कोणाकडं, तर वामनरावांकडं! काचबिंदूनं त्यांची नजर नेली होती, आणि त्या स्मरणिकेचे संपादकही तेच होते.

"नावं मला पाठ आहेत," वामनराव म्हणाले. "फोटोत दिसतंय काय ते सांग. हे इतर म्हणजे कोण?"

"ते तुम्हीच लिव्हलंय सर. मला काय म्हाईत?"

वामनरावांना हसू आलं. खरंच की! फोटो छापायचे धातूचे ठसे, म्हणजे ब्लॉक, फडक्यात गुंडाळून ते रेल्वेनं जालन्याच्या छापखान्यात गेले होते. ओल्या शाईच्या वासात बसून, मांडीवर पाटी ठेवून प्रुफं तपासली होती. काय दिवस होते ते! आणि मानपान तरी किती! नाव तिसरं आलं म्हणून कल्याणशेठ वर्षभर वाचनालयाची पायरी चढले नव्हते. त्या मानपानात मागं उभी राहिलेली माणसं एका शब्दात गेली.

"मोठा करून बघ," ते म्हणाले. "एकेक माणूस सांग."

"एक फेटेवाले हायेत, छाती फुगवून उभे."

"कडूबा शिपाई. त्याच्या लग्नातला फेटा तो."

"एक चष्मेवाले. हाताची घडी घातलेली."

"पोस्टमास्तर."

"आन् पार कडेला एक बाई."

वामनरावांनी खाटेची कड घट्ट धरली. "कशी आहे? सावकाश सांग. बिलकुल घाई करू नको."

त्यांच्या बायकोला, रमाबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. आवाज अजून कानात होता, पण चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना. आधी कपाळ गेलं, मग डोळे. आता कितीही आठवलं तरी नुसतं धूसर. मुलीला जुने फोटो दाखवून विचारावं तर ती रडायलाच लागायची. या एका गोष्टीची त्यांना मरणाची भीती वाटायची, की उद्या रमा कशी दिसायची हे आपल्याला सांगताही येणार नाही.

"पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरलाय," तृप्ती सांगू लागली.

"तीनशे पुस्तकांना खाकी कव्हरं घातली तिनं. खळ घरी शिजवून."

"बाकी समदे असे ताठ, जसं काय कोर्टात उभं केलंय. ह्या एकट्याच हसून राह्यल्या. पदर तोंडाला लावलाय, पर हसू काही दबलं न्हाई. गालावर खळी पडलीय. एकाच."

"डाव्या."

"हां, डाव्याच." तृप्ती स्क्रीनवर वाकली. "आन् कॅमेऱ्याकडं न्हाई बघत सर. बाजूला कुणाकडं तरी बघून राह्यल्या."

वामनरावांनी खाटेची कड सोडली.

"माझ्याकडं," ते म्हणाले. "फोटोवाल्याशेजारी मी होतो. 'दाटीनं उभे राहा, दाटीनं' करत उलटा चालत गेलो आणि धपकन् हौदात! कमरेपर्यंत. नेमका तेव्हाच त्यानं खटका दाबला. सभापतींपुढं हसायची कोणाची छाती झाली नाही. ही हसली."

तृप्तीला फिस्सकन हसू फुटलं. वामनराव मात्र हसले नाहीत.

"लोकांना मी सांगितलं, संपादकानं स्वतःच्या बायकोचं नाव छापणं बरं दिसत नाही. कसलं काय! राग आला होता मला. चारचौघांत हसली म्हणून गाळलं नाव. अंक हातात घेऊन एवढंच म्हणाली, 'मी इतर का हो?' पुन्हा कधी विषय काढला नाही तिनं. फार वाईट वागलो गं मी."

तृप्तीनं सोबत आणलेला लॅपटॉप मांडीवर ओढला, चिकटवलेली ओळ पुसून टाकली. "सांगा सर. समद्यांची नावं टाकू. पयलं कोण?"

"रमाबाई वामनराव अंबडकर," ते म्हणाले. "वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या. नवऱ्याकडं बघून हसताहेत. डाव्या गालाला खळी. अंगावर निळं पातळ."

तृप्तीची बोटं थांबली. "सर, फोटो काळा-पांढरा हाय. आन् नियम असा, की दिसतं तेवढंच लिव्हायचं."

"मग लिही की," वामनराव म्हणाले. "मला दिसतंय."