घेरातला तुकडा

लॉन्ड्रीवाल्याने आणलेलं गाठोडं सोडायच्या आधी फ्रॉकवालीला टेप हवी होती. तिने टेबलाचे खण उपसले, मशीनखाली वाकून पाहिलं, लॉन्ड्रीवाल्याला उठवून त्याच्या खुर्चीवरची उशीसुद्धा झटकली.

“ताई, गळ्यात आहे तुमच्या,” लॉन्ड्रीवाला म्हणाला. “काखेत कळसा नि गावाला वळसा!”

खरंच गळ्यात होती. ती हसली. दाराशी बसून काजं करणारी आई मात्र गाठोड्याकडे पाहत होती.

फ्रॉकवाली हे नाव गल्लीने ठेवलेलं. चाळिशी उलटलेल्या या बाईने घरातली मोठी खोली जुन्या फ्रॉकना देऊन टाकली होती आणि स्वतः आईबरोबर लहान खोलीत अंग चोरून झोपत होती. फुग्याच्या बाह्यांचे, झालरींचे, मोठ्या ठिपक्यांचे फ्रॉक ओळीने टांगलेले. दुपारी पडदा ओढला की तिथला उजेड पाण्याखाली असावा तसा हिरवट व्हायचा. पंखा लावला की सगळे घेर हळूहळू हलायचे आणि शेजारच्या खोलीत कोणी तरी गाणं नुकतंच थांबवलंय असं वाटायचं. त्या वेळी ती मधोमध उभी राहून नुसती पाहत राहायची. दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नसे.

लोक म्हणायचे, हौसेला मोल नाही. हौस होतीच. पण तिच्या मुळाशी एक कापडाचा तुकडा होता. समुद्री हिरवा, त्यावर पांढरी बारीक फुलं. आई तरुणपणी लॉन्ड्रीत कामाला होती. एका सकाळी मळक्या कपड्यांच्या टोपलीत तिला या तुकड्यात गुंडाळलेलं बाळ सापडलं. आईने ही गोष्ट तिला लहानपणीच सांगून टाकली होती. तो तुकडा फ्रॉकच्या घेरातून कापलेला आहे, हे मात्र शिवण शिकल्यावर तिचं तिलाच कळलं. तेव्हापासून ती उरलेला फ्रॉक शोधत होती. जुन्या बाजारात, मोडीत निघालेल्या नाटक कंपनीच्या पेट्यांत, म्हाताऱ्या बायकांच्या कपाटांत. तो घालणारी बाई तिच्या मनात पक्की ठरलेली होती. उंच, सडपातळ, गिरकी घेताना मान मागे टाकून हसणारी.

“सापडली तर काय करशील?” आईने एकदा विचारलं होतं.

“विचारीन, का टाकलंस म्हणून.”

“आणि तिने टाकलंच नसेल तर?”

“टोपलीत ठेवून गेली, आई. त्याला आणखी काय म्हणायचं?”

आईने दाताने दोरा तोडला आणि पुढचं काज धरलं.

“कपडा अंगाची चहाडी करतो,” असं फ्रॉकवाली म्हणायची. कोपर विरलेलं दिसलं की ती सांगे, ही खिडकीत हात टेकून बसणारी. बटणं सरकवलेली दिसली की, हिला लग्न मानवलेलं दिसतंय. आणि हा जाणकारपणा पोटापाण्याच्या शिवणातही उपयोगी पडायचा. आईचा डावा खांदा जन्मापासून दोन बोटं खाली होता. आईचे कपडे बेतताना ती शिवणाच्या पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर कापसाची छोटी गादी बांधायची, म्हणजे पुतळा हुबेहूब आईसारखा उभा राहायचा. काम झालं की गादी परत आईच्या डब्यात.

लॉन्ड्रीवाल्याने गाठोडं सोडलं. “मावशी कामाला होत्या ना, तीच ही आमची लॉन्ड्री. आता बंद करतोय. माळा झाडला, तेव्हा हे कोणी न नेलेले कपडे निघाले. म्हटलं, ताईंना दाखवू.”

दोन कोट, एक पडदा, आणि त्याखाली समुद्री हिरवं कापड.

तिचे हात थांबले. मग तिने उठून कपाटातला तुकडा आणला आणि जमिनीवर पसरलेल्या फ्रॉकच्या घेरात ठेवला. कात्री जिथे वाकडी गेली होती तिथे तुकडाही वाकडा होता. फुलाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. तिला रडूच फुटलं.

“कोणाचा हा?” तिने विचारलं.

“ते वडिलांनाच ठाऊक असणार,” लॉन्ड्रीवाला हळूच म्हणाला, “आणि वडील तर गेले.” गाठोड्याचं फडकं घडी करून तो निघून गेला.

एवढी वर्षं शोधून फ्रॉक मिळाला आणि बाई काही मिळाली नाही. आता सांगणार ते कापडच. तिने डोळे पुसले, फ्रॉक झटकून पुतळ्यावर चढवला आणि पाठीची बटणं लावली. पंख्याच्या वाऱ्यावर घेर हलला.

“उंच नव्हती गं, आई,” ती म्हणाली. “ठेंगणीच होती. कंबर बारीक. आणि हा विकतचा नाही, घरी शिवलाय. टाका बघ कसा मोत्यासारखा आहे. किती हौसेनं शिवला असेल!”

आईने हातातलं काज बाजूला ठेवलं.

फ्रॉक नीट बसत मात्र नव्हता. डावा खांदा ताणला जात होता आणि त्या बाजूचा घेर वर चढला होता. तिने बटणं काढून पुन्हा लावली. पुतळा फिरवून पाहिला. तरी तेच.

“कमाल आहे,” ती वैतागून म्हणाली. “एवढं सुरेख शिवलं आणि खांदा बेतायला चुकली.”

“चुकली नाही,” आई म्हणाली. ती उठली, डबा उघडून तिने कापसाची गादी काढली आणि लेकीपुढे धरली. “ही बांध उजव्या खांद्यावर.”