बाबांचे हातमोजे

बिझर्तच्या वाचनालयात शाझलीचं छायाचित्रांचं नवं पुस्तक नासिफ या दुसऱ्या छायाचित्रकाराच्या पुस्तकाशेजारी मांडलं गेलं, आणि त्याच दिवसापासून शाझलीचा जळफळाट सुरू झाला. जो तो उचलायचा ते नासिफचंच. त्याच्या मुखपृष्ठावर होतं काय, तर बंदराचा ओसाड धक्का! शाझलीच्या मुखपृष्ठावर समुद्रकाठी अनवाणी फुटबॉल खेळणारा म्हाताऱ्यांचा अख्खा संघ होता. गोलात, गोलरक्षकाचे हातमोजे घालून, त्याचे बाबा होते, वारण्याच्या महिनाभर आधी टिपलेले.

रोज निघताना तो नासिफचं पुस्तक गुपचूप आपल्या पुस्तकामागे दडवायचा.

"शाझलीभाऊ, तुमचं पुस्तक बघायला रोज तुम्हीच येता हो!" ग्रंथपाल सलवाबाईंनी एकदा टोमणा मारला.

दुसऱ्या सकाळी त्याच्या मुखपृष्ठावरचे दोन खेळाडू नाहीसे झाले होते. नासिफच्या धक्क्यावर दोन म्हातारे पाठमोरे बसले होते, अनवाणी.

"बाई, हे दोघं इथे कधी आले?"

"कधी म्हणजे? पहिल्यापासून आहेत की. त्यांच्यामुळेच तर लोक पुस्तक हातात घेतात."

शाझलीने दोन्ही मुखपृष्ठं पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली. तरी निघताना त्याला राहवलं नाही. नासिफचं पुस्तक त्याने पुन्हा मागे सारलंच.

आठवडाभरात त्याची वाळू जवळजवळ रिकामी झाली. तिकडे धक्का भरला, एका माणसापुरती जागा सोडून.

शाझलीने आपलं पुस्तक छातीशी घट्ट धरलं, मग हळूच समोर केलं. बाबा गोलातच होते. पण नेहमी लेकाच्या कॅमेऱ्याकडे बघणारे बाबा आता बाजूला, नासिफच्या धक्क्याकडे बघत होते. एक हातमोजा वाळूत पडला होता, दुसरा अर्धा उतरला होता.