गाळलेल्या रिकाम्या जागा

यंत्रातून बाबांचा आवाज आला, "श्रीरंग बुडाला तेव्हा मी बंदरावरच होतो. आज आमटीत कोकम जास्त झालंय."

आईने ताट बाजूला सारलं. "शलाका, हे तुझे बाबा नव्हेत."

"आवाज त्यांचाच आहे, आई. शब्द न् शब्द त्यांचा आहे."

"शब्द आहेत गं. पण तुझ्या दादाचं नाव घेतल्यावर ते कधी असे लगेच पुढे बोलले होते का?"

गेलेल्या माणसांचं बोलणं जपणाऱ्या केंद्रात शलाका अकरा वर्षं काम करत होती. माणूस हयात असतानाच त्याचं बोलणं आवाजाच्या चढउतारांच्या खुणा घालून एका दस्तऐवजात उतरवलं जाई. त्यातून पुन्हा आवाज घडवण्याआधी तो दस्तऐवज साफ करत. माणूस थांबला की दोन वाक्यांमध्ये पडणाऱ्या रिकाम्या जागा काढून टाकायचा नियम शलाकानेच लिहिला होता. त्यांत काही नसतं, उगाच जागा अडते, असं तिने बैठकीत ठासून सांगितलं होतं. साफसफाई झाली की मूळ प्रत पुसली जाई. बाबांचीही पुसली गेली होती.

"मी त्या जागा पुन्हा घालते," ती म्हणाली. "दादाचं नाव घेतल्यावर ते किती वेळ थांबायचे, सांग."

आई आठवू लागली. तिने हलकेच "श्रीरंग" म्हटलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. शलाकाने सेकंद मोजायला सुरुवात केली. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून सतराच्या पुढे तिला मोजवेना.