पाळण्याची उजवी बाजू

रचनाने पाळणा फिरवला. सासूबाईंनी तो पुन्हा होता तसा करून ठेवला. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

“अगं, डोकं पूर्वेलाच हवं,” सासूबाई म्हणाल्या. “बारसं आहे बाळाचं, भोवरा नाहीये तो!”

म्हणजे आत्या नाव सांगणार ते डाव्या कानात. उजवी बाजू जवळजवळ कपाटाला खेटलेली. आणि बाळाला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. एक निळा डोळा, कपाळावरची पांढरी बट आणि हा कान, तिन्ही एकाच जन्मजात कारणाने आलेली, हे ठाण्याच्या डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलेलं. बाकी बाळ ठणठणीत.

“आईला बारशानंतर सांगू,” तिचा नवरा प्रफुल्ल म्हणालेला. “नाहीतर संध्याकाळपर्यंत अख्ख्या डोंबिवलीला कळेल.”

रचनाचं म्हणणं एवढंच, की लेकाचं नाव पहिल्यांदा घेतलं जाईल ते त्याला ऐकू यावं.

तेवढ्यात कल्याणहून प्रफुल्लची मोठी बहीण, कल्पिताताई आल्या. केस बरगंडी रंगवलेले, हातात स्कूटीच्या किल्ल्या.

“कॉलेजातच केस पिकले हिचे, अभ्यास करकरून,” सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. “आणि तोरा केवढा! हाका मारा, वळेल तर शपथ.”

ताईंनी बाळाच्या डावीकडे किल्ल्या वाजवल्या, मग उजवीकडे. उजवीकडे बाळ दचकलं. 

“लबाड आहे गं,” ताई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

स्वयंपाकघरात त्या घुगऱ्या चाखत असताना रचनाने त्यांना गाठलं. डाव्या खांद्याशी जाऊन हळूच म्हणाली, “ताई, नाव उजव्या कानात सांगाल? प्लीज.”

ताईंनी आणखी एक चमचा तोंडात टाकला. “मीठ कमी आहे,” असं भिंतीला सांगितलं आणि निघून गेल्या.

रचनाचे डोळे भरून आले. तोरा म्हणजे तरी किती असावा माणसाला!

बायका पाळण्याभोवती जमल्या. ताई उठल्या, पैठणी सावरली आणि सरळ पाळणा आणि कपाट यांच्यामधल्या फटीत घुसल्या.

“अगं बये, तिकडे कुठे?” सासूबाई ओरडल्या.

ताई कंबरेशी अडकल्या. पदर कपाटाच्या हँडलमध्ये. बायकांना आयतीच पाठ मिळाली, त्यांनी धपाटे घालून घेतले. ते खात खात ताई कशाबशा वाकल्या, बाळाच्या उजव्या कानाशी.

“कुर्रर्र... ऋतुराज!”

बाळाने एक निळा आणि एक काळा डोळा आत्यावर रोखला.

हसण्याच्या गलक्यात रचनाने ताईंना बाहेर ओढलं. मघासारखीच डाव्या खांद्याला टेकून ती कुजबुजली, “ताई, तुम्हाला कसं कळलं?”

ताई शांतपणे पदर सोडवत राहिल्या. मग रचनाचे ओठ हलताना दिसले, तशा गर्रकन वळल्या आणि उजवा कान पुढे केला.

“इकडून बोल गं. त्या बाजूचा माझाही नुसता कुडी घालायपुरता आहे.”