तांड्यावरचा सत्कार

खऱ्या कामाची कदर शेवटी होतेच. फक्त तिला वाटेत प्रतिष्ठानच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर थांबावं लागतं.

तिथे बबिता तासाभरापासून थांबली होती. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, निवृत्तीला एक वर्ष उरलेली. प्रतिष्ठानचा ‘पोषणमाता’ पुरस्कार गेली तीन वर्षं अध्यक्षांच्या पत्नी सत्यशीलाताईंनाच मिळत होता. त्या बालदिनाला बिस्किटं वाटत. यंदा तो मुकुटबनपलीकडच्या तांड्यावरच्या हंसाबाईला मिळावा, एवढंच बबिताला हवं होतं. नोकरीत पुष्कळ खोट्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या. एकदा खरी वाजवायची होती.

“या हंसाबाईनं असं केलं तरी काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“तांड्यावरच्या अशक्त पोरांना रोज दूध पाजते, साहेब. स्वतःच्या बकऱ्यांचं. हॉटेलवाल्याला एक थेंब विकत नाही.”

“बकरीचं? वास नाही येत?”

“उपाशी पोरांना नाही येत.”

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं.

“देऊन टाका हो,” सत्यशीलाताई म्हणाल्या. “शोकेसमध्ये तशीही जागा नाही आता.”

“मग कार्यक्रम तांड्यावरच घेऊ,” अध्यक्ष म्हणाले. “गरिबाच्या दारात. फोटो चांगले येतात.”

बबिता लढाई जिंकल्यासारखी बाहेर पडली. फाटकातूनच तिने तांड्याचे नाईक धावजी यांना फोन लावला. “आठ-दहा जण येऊ, नाईक. जेवणाचं काही करू नका.”

“असं कसं, मॅडम? तांड्यावरून पाहुणा उपाशी गेला तं मले तोंड दाखवाले जागा राह्यते का? तुमी या फक्त.”

कार्यक्रमाच्या दिवशी सात गाड्या आल्या. निवडणूक जवळ आल्यामुळे अध्यक्षांचे सगळे कार्यकर्ते पोषणाच्या प्रश्नावर हळवे झाले होते. गाड्यांमधून माणसं उतरतच राहिली. धावजींनी ती पाहिली आणि हंसाबाईच्या कानाशी लागून गोरबोलीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, काहीतरी सांगितलं. बबिताला गोरबोली येत नव्हती. हंसाबाई जराशी थबकली, मग मान हलवून घरामागे निघून गेली.

“लाजली,” बबिता कौतुकाने सत्यशीलाताईंना म्हणाली.

अध्यक्ष कुपोषणावर दीड तास बोलले. ऐकणाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, म्हणजे विषय नीट पोचला म्हणायचा. हंसाबाईचं नाव दोनदा पुकारावं लागलं. ती ओले हात पदराला पुसत आली. तिचे डोळे लाल झालेले पाहून बबिताचेही भरून आले.

शाल, नारळ, ट्रॉफी. पुढे तांड्यावरच्याच रुपीबाईच्या जुळ्या नाती बसल्या होत्या, गेल्याच महिन्यात पाऊल टाकायला लागलेल्या. त्यांना हंसाबाईच्या बकऱ्यांचं दूध अजून चालू होतं. “याडी! याडी!” अशी आईसारखी हाक मारत त्या तिच्याकडे झेपावत होत्या. बबिताने हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

मग पंगत बसली. भाकरी आणि झणझणीत रस्सा. “कुठं हाय हो कुपोषण?” अध्यक्षांनी ढेकर देत विचारलं, आणि पंगत मनापासून हसली.

गाड्या धूळ उडवत गेल्या. बबिता मुद्दाम मागे राहिली. हंसाबाई ओट्यावर एकटीच बसली होती. ट्रॉफी कुठे ठेवावी, हे तिला कळत नव्हतं.

“आता खुश ना?” बबिता शेजारी टेकत म्हणाली. “या गडबडीत जुळ्यांचं दूध राहिलं असेल. चला, मी धरते गिलास.”

“कोनतं दूध, मॅडमबाई?”

“म्हणजे?”

“नाईकानं एकच बोकड आनलता, धा मानसाइतका. तुमच्या संग ही एवढी जत्रा आली. तुमचे पाहुणे, उपाशी कसे धाडू?” हंसाबाईने शालीची घडी घातली. “तिन्ही बकऱ्या द्या लागल्या.”

बबिताने रस्सा दोनदा मागून घेतला होता.